कोल, टोला आणि जमीन

विटीदांडूच्या खेळात विटी लांब पाठवणे आणि विटी जमिनीवरून उठवणे या दोन क्रियांना मराठीने दोन स्वतंत्र शब्द दिले आहेत. हवेत उडालेल्या विटीवर दांडूचा पूर्ण हात बसतो तो टोला. आणि गलीवर, म्हणजे जमिनीत कोरलेल्या लांबट खळग्यावर, आडव्या ठेवलेल्या विटीखाली दांडूचे टोक घालून तिला पुढे उडवणे म्हणजे कोलणे. टोल्याला खांद्याचा जोर लागतो, कोलण्याला मनगटाचा अंदाज. आणि टोला कितीही मोठा बसणार असला तरी तो मारण्याचा हक्क आधी नीट कोलूनच मिळवावा लागतो, कारण कोललेली विटी समोरच्या गड्याने झेलली की डाव तिथेच जातो. स्कॉटलंडमध्ये वाढलेला आणि इंग्रजी सत्तेबरोबर भारतात आलेला गोल्फ हा खेळ विटीदांडूच्या नात्यातला नाही, तरी त्याची घडण याच दोन क्रियांवर उभी आहे, आणि त्याच्याही इतिहासात टोल्याला मिळालेली प्रसिद्धी कोलण्याच्या वाट्याला फारशी आलेली नाही.

गोल्फच्या मैदानात सुरुवातीच्या जागेपासून काही शे मीटरवर अगदी बारीक कातरलेल्या हिरवळीचा एक तुकडा राखलेला असतो, त्याला ग्रीन म्हणतात, आणि त्या ग्रीनमध्ये सव्वाचार इंच, म्हणजे सुमारे १०.८ सेंटिमीटर, व्यासाचा होल असतो; कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या होलमध्ये घालायचा, एवढेच या खेळाचे सूत्र आहे. अठरा होलांच्या मैदानाचे प्रमाण बहुधा ७२ फटक्यांचे धरतात, आणि त्यांपैकी ३६, म्हणजे बरोबर निम्मे, ग्रीनवर चेंडू घरंगळत नेण्यासाठी राखलेले असतात. या घरंगळत्या फटक्याला पट म्हणतात. लांबून मारलेला चेंडू ग्रीनवर न पोचता काठाबाहेर दहा-वीस पावलांवर थांबला, तर खेळाडूपुढे दोन मुख्य वाटा असतात. पहिली वाट चिपची : चेंडू जेमतेम उचलायचा, ग्रीनच्या अलीकडच्या काठावर टेकवायचा आणि उरलेले अंतर त्याला जमिनीवरून पळू द्यायचे. दुसरी वाट पिचची : चेंडू उंच चढवून होलाच्या जवळच उतरवायचा, म्हणजे उतरल्यावर तो फारसा पुढे सरकत नाही. यांतला फरक काठीच्या लोखंडी पात्याच्या मागे झुकलेल्या कोनावर, ज्याला लॉफ्ट म्हणतात त्यावर, बराचसा अवलंबून असतो; हा कोन जितका मोठा, तितका चेंडू उंच जातो आणि तितका कमी पळतो.

मात्र या दोन वाटांपैकी कोणती केव्हा धरायची, हा निर्णय या खेळाच्या साऱ्या इतिहासात काठीपेक्षा जमिनीनेच अधिक वेळा घेतलेला आहे. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वालुकामय, ओलसर आणि मेंढ्यांनी कुरतडलेल्या गवताच्या पट्ट्यावर जन्मलेली ही कला जेव्हा दख्खनच्या आणि खानदेशाच्या कोरड्या माळांसारख्या भूमीवर येऊन पडली, तेव्हा काठ्या त्याच राहिल्या आणि फटके बदलले. तापीच्या खोऱ्यातील जमीन ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हा बदल पुस्तकावाचूनही उमजतो, आणि म्हणून या फटक्याच्या इतिहासाकडे जळगाव-धुळ्याच्या बाजूने पाहणे योग्य ठरते.

सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पसरलेल्या या प्रदेशात १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले आणि पांझरेच्या काठी नव्या पेठेची आखणी केली. १८६९ साली खानदेश आणि अहमदनगर या जिल्ह्यांचे भाग काढून नाशिक जिल्हा बनवण्यात आला, १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. तापी आणि गिरणा यांच्या काठची जमीन खोल, काळी आणि चिकण. साक्री-शिंदखेड्याच्या अंगाला ती पातळ, मुरमाड आणि दगडी होत जाते, आणि धुळ्याच्या पश्चिमेला तर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती, भूशास्त्रज्ञ ज्यांना डाइक म्हणतात, जमिनीतून वर आलेल्या दिसतात. काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तिचा पृष्ठभाग भाजलेल्या विटेसारखा वाजतो. एकाच जागेवर वर्षात तीन वेगवेगळ्या जमिनी असतात असे म्हटले तरी चालेल, आणि जवळच्या फटक्याच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून शिवलेला असे. त्याला फेदरी म्हणत. हा चेंडू महाग होता, आणि लोखंडी पात्याची कड लागली की त्याची शिवण फाटत असे, म्हणून लोखंडी काठी चाकोरीत किंवा दगडांत अडकलेला चेंडू सोडवण्यापुरतीच बाहेर निघे, आणि ग्रीनजवळचे फटकेसुद्धा बहुतेक लाकडी काठ्यांनी खेळले जात. १८४० च्या दशकात मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चा या पदार्थाचा चेंडू निघाला. या शोधाविषयी स्कॉटलंडमध्ये अशी कथा सांगतात की, रॉबर्ट पॅटरसन यांच्या घरी भारतातून विष्णूची एक मूर्ती आली, ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती, आणि त्या बांधणीच्या मालापासूनच पहिला चेंडू वळला गेला. कथा खरी असो वा रचलेली, परिणाम खरा होता : हा चेंडू स्वस्त होता, लोखंडाने फाटत नव्हता, आणि चेपला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा गोल वळता येत होता. चेंडूची भीती गेली तेव्हा लोखंडी काठी मोकळी झाली, आणि चिप व पिच हे आजच्या अर्थाचे फटके तेथून पुढे घडत गेले.

सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा स्वतः पिसांचे चेंडू बनवणारा कारागीर. नव्या चेंडूला त्याने प्रथम कडवा विरोध केला, पण क्लीक नावाच्या कमी कोनाच्या लोखंडी काठीने चेंडू जमिनीलगत पळवत ग्रीनवर नेण्याची रीत रुजवण्याचे श्रेयही त्यालाच देतात. त्याच्या पुढच्या पिढीतील धाकट्या टॉम मॉरिसने चाकोरीतून चेंडू काढण्यासाठी असलेली रट आयर्न ही काठी मोकळ्या गवतावर वापरून चेंडू उंच चढवून उतरवण्याचे धाडस केले. १८९४ पासून १९१३ पर्यंत पाच वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणारा जे. एच. टेलर हा मॅशी नावाच्या काठीने लांबून मारलेला चेंडू ग्रीनवर जागच्या जागी बसवण्यात वाकबगार होता. म्हणजे रॉबर्टसनपासून टेलरपर्यंतच्या अर्धशतकात चेंडू पळवण्याकडून चेंडू उतरवण्याकडे कल झुकला, आणि त्याचे कारण माणसांच्या कौशल्याइतकेच मैदानांच्या बदलत्या निगेत होते; ग्रीन जसजशी दाट, ओली आणि मऊ राखली जाऊ लागली, तसतसा उंचावरून आलेला चेंडू तिच्यावर टिकू लागला.

याच काळातील एका जुन्या नियमाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ग्रीनवर आपल्या चेंडूच्या आणि होलाच्या मधोमध आला, तर तो उचलायला लावण्याची मुभा नसे. या अडथळ्याला स्टायमी म्हणत, आणि त्यातून सुटायचे तर अनेकदा ग्रीनवरूनच आपला चेंडू हलकेच उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकावा लागे. गोट्यांच्या खेळात समोरच्याची गोटी वाटेत आली की काय होते ते ठाऊक असलेल्या कोणालाही या नियमातील चुरस कळेल. १९५२ पासून तो रद्द झाला, आणि त्याच्याबरोबर जवळच्या फटक्यांतील एक अतिशय नाजूक प्रकार खेळातून निघून गेला.

भारतात या खेळाचे पहिले ठाणे कलकत्ता. तेथील गोल्फ क्लब १८२९ चा, आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. मुंबईत १८४२ साली असा क्लब निघाला. खानदेशात त्या पिढीचे इंग्रज अधिकारी दुसऱ्याच छंदात होते : १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला होता, आणि जंगल तसे घनदाट असताना मोकळ्या माळावरच्या चेंडूची कोणाला आठवण होण्याचे कारण नव्हते. गोल्फला स्थिर वस्ती, मोकळी गायराने आणि दळणवळण लागते, आणि ते सारे १८६० च्या दशकात घाट चढून नाशिक, जळगाव, भुसावळपर्यंत आलेल्या जी. आय. पी. रेल्वेने जुळवून आणले. मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना गाडीने एका दिवसात पोचता येईल असे नाशिक हे थंड आणि कोरडे ठिकाण होते. तेथे रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब ही संस्था नांदली, आणि खानदेशाच्या वेशीवर या खेळाचे जे ठळक ठिकाण निर्माण झाले ते हेच.

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यालगतचे मैदान आजही लोकांच्या तोंडी गोल्फ क्लब मैदान आहे, आणि त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारा आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला तरुण, आणि त्याच्या काळच्या राज्यकर्त्यांचा खेळ, ही दोन्ही नावे एकाच जमिनीला चिकटलेली आहेत. तिथे आज क्रिकेटचे सामने होतात आणि सकाळी शहरातील माणसे फेऱ्या मारतात. पश्चिम भारतातील गोल्फचा इतिहास सांगताना हे दुहेरी नाव टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ज्या गायरानांवर हा खेळ मांडला गेला ती कोणाची होती आणि खेळणारे कोण होते, हा प्रश्न त्या नावातच आहे. हिंदी माणसांना सभासद म्हणून प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब मुंबईत निघाला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. तोवर या देशातील बहुसंख्य माणसांचा गोल्फशी संबंध दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहण्यापुरताच होता.

कोरड्या मुलखातल्या छावण्यांत आणि लहान क्लबांत खरी अडचण आली ती ग्रीनची. बारीक गवत उन्हाळाभर जिवंत ठेवायचे तर रोज पाणी हवे, आणि जेथे गावाला प्यायला पाणी विहिरीतून शेंदावे लागे तेथे ते चेंडूसाठी मिळणे शक्य नव्हते. त्यावर काढलेला उपाय ब्राउन या नावाने ओळखला गेला. ग्रीनच्या जागी काही पावले व्यासाचे वर्तुळ आखून त्यातील माती ठोकून सपाट करायची, तिच्यावर बारीक वाळूचा पातळ थर द्यायचा, वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून त्यात तेल, पुढे मोटारी आल्यावर इंजिनातले जळके तेल, कालवायचे आणि रूळ फिरवायचा, अशी त्याची कृती होती. त्यामुळे रंग तपकिरी येई, आणि तेच त्याचे नाव झाले. चालताना बुटांचे ठसे उमटत, म्हणून पट मारण्यापूर्वी कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणारा आणि त्याला वाट सांगणारा मनुष्य, गोणपाटाचा तुकडा किंवा लाकडी फळी चेंडूपासून होलापर्यंत एकदा ओढत नेई, आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावरून चेंडू जाई. ही केवळ हिंदुस्थानची लाचारी नव्हती. अमेरिकेतील कॅन्ससपासून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागापर्यंत अशी वाळूची ग्रीन होती, आणि जगातील नामांकित मैदानांत मोडणारे नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्टचे दुसऱ्या क्रमांकाचे मैदानसुद्धा १९३५ च्या सुमारापर्यंत वाळूच्या ग्रीनवरच खेळले जात होते.

ब्राउनभोवतीची जमीन उघडी, कठीण आणि अनेकदा मुरमाची असे, आणि तेथे उंच पिच मारणे धोक्याचे होते. चेंडू वर्तुळाच्या अलीकडे टेकला तर मुरमावरून उसळून पलीकडे निघून जाई. तो थेट वाळूत उतरला तर थराच्या जाडीप्रमाणे कधी जागीच रुतून बसे, कधी खालच्या ठोकलेल्या मातीवरून घसरे. शहाणपणाचा फटका एकच उरे, तो म्हणजे कमी कोनाच्या काठीने चेंडू जमिनीलगत सोडून दोन-तीन टप्प्यांत वर्तुळात पळवणे. स्कॉटलंडमध्ये रॉबर्टसनच्या काळी प्रचलित असलेली आणि टेलरच्या पिढीत मागे पडलेली पळती रीत दख्खनच्या माळावर अशी पुन्हा गरजेची ठरली, आणि या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. अमेरिकेतही हेच घडले. टेक्सस राज्यातील कोरड्या, वाऱ्याच्या मैदानांवर ग्रीनबाहेरूनच, पटर म्हणजे पट मारण्याच्या सरळ पात्याच्या काठीने, चेंडू ढकलण्याची चाल इतकी रूढ झाली की त्या फटक्याला, वेज या जास्त कोनाच्या काठीच्या नावावरून, टेक्सस वेज असे नावच पडले. दख्खनमधील याच चालीला असे नाव मिळाले नाही, कारण येथे ती चाल ज्यांनी पारखली त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

या निवडीमागचे गणित वाटते तितके गूढ नाही. शिकवणारे एक सोपा आडाखा सांगतात, त्याला बाराचा नियम म्हणतात : बारातून काठीचा क्रमांक, जो लॉफ्टबरोबर वाढत जातो, वजा करावा, म्हणजे चेंडू हवेत जितका जाईल त्याच्या किती पट तो जमिनीवर पळेल ते मिळते. सात क्रमांकाच्या काठीने चिप मारली तर एक भाग हवेत आणि पाच भाग जमिनीवर. नऊ क्रमांकाने एकास तीन. पिचिंग वेजला दहावा क्रमांक धरला तर एकास दोन. होल बारा पावलांवर असेल तर सात क्रमांकाने चेंडू दोन पावलांवर टेकवायचा आणि दहा पावले पळू द्यायचा. पण हा आडाखा मध्यम वेगाच्या, सपाट, हिरव्या ग्रीनसाठी आहे. उतार, ओल आणि जमिनीची कठीणता यांप्रमाणे तो रोज नव्याने मांडावा लागतो, आणि खरे कौशल्य गणितात नसून चेंडू कोठे टेकवायचा ती हातभर जागा डोळ्यांनी हेरण्यात असते. अनुभवी खेळाडू होलाकडे पाहून मारत नाही. तो त्या टेकण्याच्या जागेकडे पाहून मारतो.

काठीच्या तळाचाही येथे संबंध येतो. वेज या जाड, जास्त कोनाच्या काठीचा तळ पुढच्या कडेपेक्षा थोडा खाली फुगलेला असतो, या फुगीरपणाला बाउन्स म्हणतात, आणि त्यामुळे पाते वाळूत किंवा मऊ मातीत खोल न रुतता तरंगत पुढे सरकते. जीन सॅराझेन याने काठीच्या तळाला शिसे डाखवून हा फुगीरपणा वाढवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा त्या काठीच्या बळावर जिंकली. वाळूच्या खड्ड्यातून, म्हणजे बंकरमधून, चेंडू काढण्याची धास्ती त्यानंतर पुष्कळ कमी झाली. परंतु मऊ वाळूत तारणारा हाच गुण कठीण जमिनीवर उलटतो, कारण तळ जमिनीवर आपटून उसळतो आणि पात्याची कड चेंडूच्या पोटात बसते, मग चेंडू उचलला जाण्याऐवजी गोळीसारखा ग्रीनपलीकडे जातो. खानदेशाच्या काळ्या जमिनीवर ही अडचण तीन ऋतूंत तीन रूपांनी मांडून दाखवता येते : श्रावणात ती चिकण आणि मऊ असते, तेव्हा फुगीर तळाची काठी उपयोगी आणि उंच चेंडू रुतण्याची शक्यता मोठी, मार्गशीर्ष-पौषात ती घट्ट पण लवचिक असते, तेव्हा चिप आणि पिच दोन्ही चालतात, आणि वैशाखात ती दगडासारखी व भेगाळ होते, तेव्हा पातळ तळाची, कमी कोनाची काठी किंवा सरळ पटर याखेरीज गत्यंतर नाही. भेगेत गेलेला चेंडू कोणत्याच काठीने निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

गवताच्या बाबतीत खानदेशी शेतकऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. जगभरच्या उष्ण प्रदेशांतील ग्रीनवर जे गवत लावतात, ज्याला इंग्रजीत बर्म्युडा म्हणतात, ते मूळचे दुसरे तिसरे काही नसून हरळी आहे, गणपतीला वाहतात ती दूर्वा. काळ्या रानात हरळी शिरली की कपाशीचा आणि ज्वारीचा जीव जातो. तिच्या गाठी खोल जातात, एक कांडे राहिले तरी ती पुन्हा फुटते, आणि हरळी खणून काढणे हे शेतकऱ्याच्या वर्षातले सर्वांत कष्टाचे काम समजले जाई, ज्यासाठी उन्हाळ्यात कुदळीने रान पालथे घालून काशा वेचाव्या लागत. तुडवली, कातरली, जाळली तरी न मरण्याचा हाच हट्टी गुण मैदानवाल्यांना हवा होता. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे १९५० आणि १९६० च्या दशकांत हरळीचा आफ्रिकेतील एका जातीशी संकर करून बुटक्या, बारीक पानांच्या जाती काढल्या गेल्या, आणि उष्ण प्रदेशांतील ब्राउनची जागा हिरव्या ग्रीनने घेण्यामागे नळाच्या पाण्याइतकाच या जातींचाही हात आहे. हरळीच्या ग्रीनवर जवळचा फटका खेळताना आणखी एक बाब पाहावी लागते : तिची पाती एका दिशेने लवलेली असतात. पाती चेंडू जातो त्याच दिशेने लवली असतील तर गवत उजळ, चकचकीत दिसते आणि चेंडू अधिक पळतो. समोरून येत असतील तर ते गडद दिसते आणि चेंडू अडतो, शिवाय काठीचे पातेही त्यांत गुंतते. बांधावर उभे राहून रानातल्या पिकाचा रंग वाचणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

आणि नेमक्या याच कारणाने भारतीय गोल्फमध्ये जवळच्या फटक्याचे उत्तम जाणकार बहुधा मैदानाच्या निगेत आणि कॅडींच्या रांगेत वाढले. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकली, तोवर ती कोणा भारतीय व्यावसायिकाला जिंकता आलेली नव्हती. कलकत्त्याच्या मैदानावर माळीकाम करणाऱ्याचे पुत्र एस. एस. पी. चौरसिया यांनी २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि २०१६ व २०१७ मध्ये इंडियन ओपन जिंकली. लांब फटक्यांत ते समकालीनांच्या मागे होते, पण ग्रीनभोवती त्यांचा हात इतका सफाईदार की त्यांच्या आडनावातच चिप आणि पट हे शब्द गुंफून सहकाऱ्यांनी त्यांना टोपणनाव दिले. क्लबांच्या दिवाणखान्यातील लाकडी फळ्यांवर विजेत्या सभासदांची नावे सोनेरी अक्षरांत असतात. कोणत्या होलावर चेंडू कोणत्या दगडाच्या अलीकडे टेकवायचा हे त्या सभासदांना ज्यांनी सांगितले, त्यांची नावे तेथे नसतात, आणि या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी हीच आहे.

चेंबूरच्या मैदानालगतच्या झोपडवस्तीत कॅडींच्या मुलांनी आणि तरुण कॅडींनी या ज्ञानाला स्वतःचे मैदान काढून दिले. बांधकामावरची लोखंडी सळई एका टोकाला वाकवून आणि ठोकून पाते करायचे, दुसऱ्या टोकाला रबर गुंडाळून मूठ करायची, आणि हलक्या प्लास्टिकच्या चेंडूने बोळांतून, गटारांवरून, पत्र्याच्या छपरांमधून खेळायचे, असा हा गल्लीतला गोल्फ आहे. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांच्या छायाचित्रमालेमुळे तो जगाला दिसला. त्या बोळांत लांब फटक्याला जागाच नाही. दोन भिंतींमधल्या वावभर वाटेतून चेंडू किती उचलायचा, कोणत्या फरशीवर टेकवायचा आणि कोठवर पळू द्यायचा, एवढाच तो सारा खेळ आहे, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत तो जवळच्या फटक्यांचाच बनलेला आहे, आणि उंची, टप्पा व पळ यांची जी सांगड मोठ्या मैदानावर वर्षांच्या सरावाने बसते ती तेथे दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटात बसलेली असते.

गोल्फच्या या जाणकारांची नोंद व्हायची राहिली, पण देशी खेळांच्या बाबतीत मराठीने नोंदीचे काम बरेच आधी हाती घेतले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून दहा खंडांत सिद्ध केलेल्या व्यायामज्ञानकोशाने भारतीय खेळांना आणि व्यायामप्रकारांना विद्येच्या कक्षेत आणून बसवले. विटीदांडूच्या एका प्रकारात वकट, लेंड, मूंड, नाल अशा क्रमाने विटी शरीराच्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून मारावी लागते; हे शब्द तेलुगूतील एक, दोन, तीन, चार या संख्यांशी जुळतात, आणि खेळातल्या बारकाव्यांनी भाषांच्या सीमा कशा ओलांडल्या याचा तो पुरावा आहे. खानदेशात या खेळासाठी दांडू बहुधा बाभळीचा, कारण ती बांधावर उभीच असते आणि तिचे लाकूड टोल्याने फुटत नाही. गल कोठे कोरायची हे मात्र ऋतू ठरवतो. खळे उठल्यावर, सुगी संपून रान मोकळे झाले की, काळ्या मातीत दांडूच्या टोकाने ती दोन-चार घावांत निघते आणि कडा मऊ असल्यामुळे विटी अलगद उचलली जाते; चैत्र लागला की तीच माती दांडूला दाद देत नाही, मग मुले पांढरीत, गावठाणाच्या भुरकट मातीत, गल कोरतात, आणि कोलण्यापूर्वी तिच्यातली सैल माती बोटाने काढून विटीच्या खाली दांडूचे टोक कितपत शिरते ते एकदा लावून पाहतात.